बॅक्टेरियल सेल्युलोजची शीट जाड येते पण टिकत नाही? नाशिकच्या हवेत ती वाढवायची आणि मजबूत करायची कशी

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. बॅक्टेरियांनी बनवलेली दीड सेंटिमीटर जाडीची सेल्युलोजची साय ट्रेमधून दोन्ही हातांनी उचलली, इतकी खूश होते की आधी फोटो काढले, मग नळाखाली धरली आणि ती मधूनच दोन पदरांत सुटली, पावसात भिजलेलं स्वस्तातलं प्लायवूड सुटतं ना तशी. सहा आठवडे लागले होते तिला. त्यानंतर जे काही शिकले ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण नेटवर जे सापडतं त्यात बहुतेक वेळा 'चहा करा, साखर घाला, वाट बघा' एवढंच असतं आणि शीट हातात आल्यावर पुढे काय, त्याबद्दल कोणी धड बोलत नाही.

थोडक्यात ओळख करून देते. व्हिनेगरवर किंवा कोंबुच्यावर, म्हणजे आंबवलेल्या गोड चहावर, जी चिवट साय धरते ती बॅक्टेरिया बनवतात, ए. जे. ब्राउन यांनी १८८६ मध्ये पहिल्यांदा ती सेल्युलोजची आहे हे दाखवलं. यातला मुख्य जीव म्हणजे कोमागाटाइबॅक्टर झायलिनस, जुन्या पुस्तकांत त्याला असिटोबॅक्टर म्हणतात. फिलिपिन्समध्ये नारळपाण्यावर हीच साय वाढवून नाता दे कोको नावाचं गोड खाणं करतात. कापसातलं सेल्युलोज आणि हे रसायन म्हणून एकच, पण याचा धागा केसाच्या साधारण हजाराव्या भागाएवढा बारीक असतो आणि त्यात लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन वगैरे काही नसतं. नीट धुऊन, दाबून वाळवलेली शीट इतकी कडक होते की सोनीने १९८९ च्या एका महागड्या हेडफोनमध्ये स्पीकरचा पडदा याचा केला होता.

आता एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. ओली साय जवळजवळ ९९ टक्के पाणी असते. म्हणजे एक सेंटिमीटरची गुबगुबीत गादी वाळली की हातात काय उरतं, तर ०.१ मिलिमीटरपेक्षाही थोडा पातळ कागद. त्यामुळे ट्रेमधली जाडी बघून काहीच कळत नाही. माझ्या हिशोबाने शीट ट्रेमध्ये फक्त वाढते, तिची ताकद निम्म्याहून जास्त नंतर ठरते, धुताना, दाबताना आणि वाळवताना.

आधी मोजायचं शिका

हे आधी सांगतेय कारण मी हे सगळ्यात शेवटी केलं आणि वर्षभर नुसत्या अंदाजावर गेलं. वाळलेल्या शीटची बरोबर १० मिलिमीटर रुंद पट्टी कापायची, जाडी मोजायला तसेच दहा तुकडे एकावर एक ठेवून व्हर्निअरने मोजायचे आणि दहाने भागायचं. पट्टीची दोन्ही टोकं मोठ्या बुलडॉग क्लिपमध्ये धरायची, क्लिपच्या आत जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा लावा नाहीतर पट्टी क्लिपपाशीच तुटते आणि ते रीडिंग फुकट जातं. वरची क्लिप खुंटीला, खालच्या क्लिपला बादली, आणि बादलीत मगाने हळूहळू पाणी. तुटली की बादली वजन करा.

हिशोब सोपा आहे. पट्टी १० मिमी रुंद आणि ०.१ मिमी जाड, म्हणजे कापाचं क्षेत्रफळ १ चौरस मिमी. बादलीसकट साडेचार किलोला तुटली तर ४.५ गुणिले ९.८, म्हणजे ४४ न्यूटन. चौरस मिलिमीटरला ४४ न्यूटन म्हणजेच ४४ मेगापास्कल, ही शीटची ताकद. प्रत्येक शीटच्या निदान पाच पट्ट्या तोडा, कारण एक ३० मेगापास्कलला तुटते आणि शेजारची ५५ ला, आणि तो फरकच सांगतो की शीट एकसारखी वाढली नाहीये. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी एकदा साखर, चहा आणि जागा तिन्ही एकदम बदललं, शीट मस्त आली आणि कशामुळे आली ते आजतागायत माहीत नाही.

भांडं आणि खोली

हे बॅक्टेरिया हवेवर जगतात, त्यामुळे सेल्युलोज फक्त हवा आणि पाणी भेटतात त्या पृष्ठभागावर बनतं. नवा थर नेहमी वर, हवेच्या बाजूला येतो आणि जुना खाली ढकलला जातो. म्हणून खोल बरणी घेऊन फायदा नाही, पसरट ट्रे घ्या आणि त्यात पाच-सहा सेंटिमीटर द्रव भरा, बस. त्याहून खोल भरलं तर खालचं नुसतं आंबट होत बसतं.

फूड ग्रेड प्लास्टिकचा टब किंवा काचेचा ट्रे चालतो. भांडी बाजारातून तांब्या-पितळेचं सुंदर परात-घंगाळं आणायचा मोह होतो, नाशिककरांना तर होतोच, पण आंबट द्रव तांबं विरघळवतो आणि तांबं या जिवांना विष आहे. ॲल्युमिनियमही नको. वरून जाळीदार मलमल नको, त्यातून चिलटं आत शिरतात, घट्ट विणीचं मांजरपाट घ्या आणि इलॅस्टिकने ताणून बांधा, कापड मध्ये लोंबून सायीला टेकलं की तिथे डाग पडतो.

खाऊ काय घालायचा

माझी घरची कृती १० लिटरची अशी: पाणी ८.५ लिटर, साखर ७०० ग्रॅम, चहापत्ती ४० ग्रॅम, आणि जुन्या कल्चरचं, म्हणजे हे जीव आधीच वाढलेल्या ट्रेमधलं, आंबट पाणी, म्हणजे स्टार्टर, दीड लिटर. चहा उकळून दहा मिनिटं मुरवायचा, गाळायचा, साखर घालायची, झाकून गार करायचं, पूर्ण गार झाल्यावरच स्टार्टर घालायचा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची भीती असते, पण सगळंच पाणी उकळून घेतलं की तो प्रश्न मिटतो. सुरुवातीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४ ते ४.५ च्या आसपास असावा, पीएच पट्टी स्वस्त असते, आणून ठेवा.

चहाच का, हा प्रश्न मला काकूंनी विचारला होता आणि मी तेव्हा 'रंगासाठी' असं काहीतरी सांगून मोकळी झाले. खरं कारण मजेदार आहे. या जिवाला सेल्युलोज बनव असा हुकूम देणारा एक छोटा रेणू असतो, तो १९८७ मध्ये जेरुसलेमच्या मोशे बेंझिमान यांच्या गटाने शोधला. पेशीत तो रेणू तोडणारं एक एन्झाइमही असतं, आणि चहातलं कॅफीन त्या एन्झाइमला अडवतं. म्हणजे हुकूम जास्त वेळ टिकतो आणि सेल्युलोज जास्त. शिवाय चहातून थोडं नायट्रोजनही मिळतं.

साखर वाढवली की शीट वाढेल हा सगळ्यात मोठा गैरसमज. स्टार्टरमध्ये बॅक्टेरियांसोबत असलेलं यीस्ट साखरेचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि बॅक्टेरिया त्यातलं बरंचसं ग्लुकोज सेल्युलोज न करता ग्लुकॉनिक ॲसिड करून टाकतात. पीएच धडाधड खाली येतो, ३ च्या खाली गेला की काम मंदावतं, आणि तुमची साखर वाया. लिटरला १०० ग्रॅमच्या वर मी तरी कधीच जात नाही.

ज्यांच्याकडे शुद्ध कल्चर आहे, म्हणजे यीस्टशिवाय नुसते बॅक्टेरिया, कॉलेजच्या लॅबमधून वगैरे आणलेले, त्यांनी चहा-साखरेच्या भानगडीत पडू नका, कारण यीस्ट नसेल तर साधी साखर फोडायला कोणी नाही. त्यांच्यासाठी हेस्ट्रिन आणि श्राम यांचं १९५४ चं माध्यम, म्हणजे लॅबमधला खाऊ, आहे, लिटरला ग्लुकोज २० ग्रॅम, पेप्टोन ५, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५, डायसोडियम फॉस्फेट २.७ आणि सायट्रिक ॲसिड १.१५ ग्रॅम, पीएच ६. फॉस्फेट आणि सायट्रिक मिळून पीएच धरून ठेवतात, म्हणून ते चालतं. महाग पडतं मात्र.

आणि आता आपल्या नाशिकचा माल, द्राक्षं. जानेवारी ते एप्रिल दिंडोरी, पिंपळगाव, निफाड इकडे गळलेले मणी आणि डागी घड मातीमोल भावात मिळतात, माझा मामेभाऊ तर क्रेट घेऊन जा म्हणतो. द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास निम्मं-निम्मं असतं, फ्रुक्टोजचं ग्लुकॉनिक ॲसिड होत नाही, त्यामुळे साखर जास्त काळ कामी येते. पिकलेल्या द्राक्षाच्या रसात साधारण १८ ते २० टक्के साखर धरा, एक भाग रस आणि दोन भाग पाणी केलं की ६-७ टक्क्यांवर येता. नायट्रोजन कमी पडतं, म्हणून लिटरला २-३ ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, नाहीतर बेकरीचं ड्राय यीस्ट पाण्यात चांगलं उकळून त्याचं गाळलेलं पाणी. पाण्याच्या जागी फिका चहा वापरला तर अजून छान. मणी मात्र दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा, बागेत बुरशीनाशकाच्या फवारण्या असतात, आणि रस दहा मिनिटं उकळून घ्या. एकदा मी एका ओळखीच्या ठिकाणाहून वाइनचा तळाचा गाळ फुकट आणला, बारा दिवस ट्रेवर साधी जाळीसुद्धा धरली नाही. वाइनमध्ये टिकण्यासाठी सल्फाइट घालतात आणि ते आपल्या जिवांनाही तितक्याच निष्ठेने मारतं, हे नंतर डोक्यात आलं.

स्टार्टर कुठून घ्यायचा

वरून घ्या. यीस्ट तळाशी बसतं, बॅक्टेरिया वरच्या बाजूला असतात. तळ ढवळून घेतलेला स्टार्टर म्हणजे यीस्टच यीस्ट, मग कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सायीखाली अडकतात, ती पुरीसारखी फुगते, आणि जिथे फुगली तिथे वाळल्यावर भोक किंवा पातळ जागा. पट्टी नेमकी तिथेच तुटते. मी तीन आठवडे जुन्या, चांगल्या आंबट ट्रेचं वरचं पाणी मगाने अलगद काढते आणि दुहेरी कापडातून गाळते. जुनी स्कोबी, म्हणजे आधीच्या कोंबुच्यावरची साय, घातलीच पाहिजे असं नाही, उलट ती तरंगत राहिली तर नवी साय तिला चिकटून वेडीवाकडी वाढते.

यीस्ट अजिबातच नको असंही नाही बरं का. ते थोडं अल्कोहोल बनवतं, आणि एक टक्क्याच्या आसपास अल्कोहोल असलं तर सेल्युलोज वाढतं.

थंडी, ऊन आणि गिरणी

२८ ते ३० अंश, हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. नाशिकमध्ये तो आपोआप मिळतो असे महिने फार थोडे. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी बऱ्याचदा येते, शहरातही रात्री खोलीत १५-१६ असतं, आणि एवढ्यात हे जीव झोपतात. माझी ती सहा आठवड्यांची प्लायवूडछाप साय यामुळेच झाली असं मला वाटतं, दिवसा ऊन लागून वाढायची, रात्री थांबायची, असा रोज नवा पदर.

उपाय साधा: मोठा थर्माकोलचा डबा, त्यात कोपऱ्यात पाण्याची बादली, बादलीत मत्स्यालयाचा थर्मोस्टॅटवाला हीटर २९ वर. ट्रे शेजारी. पाणी उष्णता धरून ठेवतं आणि डब्यातली हवाही ओलसर राहते, त्यामुळे सायीचा वरचा पापुद्रा सुकत नाही. बल्ब लावू नका, खालच्या बाजूला गार आणि वर गरम असा प्रकार होतो. डबा हवाबंद मात्र करू नका, दोन-चार भोकं पाडा. एप्रिल-मेमध्ये उलटी गत, स्लॅबखालच्या खोलीत ३५-३६ होतं आणि यीस्ट पिसाळतं, तेव्हा ट्रे खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या खोलीत, डब्याभोवती ओलं गोणपाट.

हलवायचं नाही. हे लिहायला सोपं आहे, पाळायला फार अवघड, कारण रोज उचलून बघावंसं वाटतंच. साय एकदा हलून बुडाली की वर वेगळी साय धरते आणि दोघी कधीच नीट चिकटत नाहीत. आमच्या घराला लागून पिठाची गिरणी आहे, गिरणी चालू झाली की ट्रेमधल्या पाण्यावर बारीक तरंग दिसायचे, टॉर्च तिरका धरला की स्पष्ट दिसतात. गिरणीवाल्या काकांना काय सांगणार, बॅक्टेरियांसाठी दळण बंद करा म्हणून? शेवटी डब्याखाली स्कूटरची जुनी ट्यूब अर्धवट हवा भरून ठेवली. तरंग गेले. त्याच आठवड्यापासून पदर सुटायचे बरेच कमी झाले.

दहाव्या दिवसानंतर वाढ मंदावते, कारण साखर खालच्या पाण्यात असते, काम वर चाललेलं असतं आणि मधे आता जाड गादी. जाड शीट हवीच असेल तर खाऊ खालून द्या, सलाईनची स्वच्छ नळी कडेने सायीखाली सरकवून, खोलीच्या तापमानाचा उकळून गार केलेला खाऊ हळू सोडायचा. वरून ओतलात की संपलं, पुन्हा पदर. मी स्वतः हल्ली या भानगडीत पडत नाही, ८-१० मिलिमीटरला, साधारण दोन आठवड्यांत काढून घेते आणि जाडी हवी असेल तर दोन ओल्या शीट एकत्र दाबते.

बुरशी आली, म्हणजे कोरडे, केसाळ, हिरवे किंवा काळे ठिपके, तर कापून वाचवायचा प्रयत्न नको, सगळं टाका आणि ट्रे उकळत्या पाण्याने धुवा. तपकिरी लोंबणारे धागे म्हणजे यीस्ट, त्याची काळजी नाही.

धुणं

इथे लोक सगळ्यात जास्त आळस करतात. न धुतलेल्या शीटमध्ये साखर, आम्लं, मेलेले जीव, प्रथिनं सगळं धाग्यांच्या मधे बसलेलं असतं. सेल्युलोजचे धागे एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरतात, आणि मधे चिकट घाण असली की हात हातात येतच नाही. न धुतलेली शीट चामड्यासारखी मऊ लागते म्हणून छान वाटते, पण जुलैत ती हवेतलं पाणी ओढून चिकचिकीत होते आणि वास मारते.

आधी रात्रभर साध्या पाण्यात, पाणी दोन-तीनदा बदलून. मग कॉस्टिक सोडा, लिटरला १० ग्रॅम, स्टीलच्या पातेल्यात, ८० अंशांच्या आसपास एक तास. रबरी हातमोजे आणि चष्मा लागतोच, मुलं-मांजरं बाहेर, खिडकी उघडी. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही, आणि ॲल्युमिनियमचं पातेलं तर चुकूनसुद्धा नको, हायड्रोजन निघतो आणि पातेलं खाल्लं जातं. ते पातेलं परत स्वयंपाकाला नाही. पाणी कोऱ्या चहासारखं काळपट होईल, ओतून परत एकदा तसंच. शीट दुधी, अर्धपारदर्शक दिसायला लागली की साध्या पाण्यात टाकून पाणी बदलत राहा, पीएच पट्टी ७ दाखवेपर्यंत, याला दोन दिवस सहज जातात. सोड्याचं पाणी टाकण्याआधी त्यात व्हिनेगर घालून त्याची दाहकता घालवा.

मी एकाच शीटचे दोन भाग करून एक धुतला, एक नुसता पाण्यातून काढला. बादलीच्या टेस्टमध्ये धुतलेल्याने दुपटीहून जास्त वजन धरलं. एका शीटवरचा प्रयोग आहे, पण मला तेवढा पुरला.

दाबणं आणि वाळवणं

धुतलेली शीट दोन सुती कापडांच्या मधे, वर-खाली सनमायका लावलेला प्लाय, आणि वजन टप्प्याटप्प्याने. पहिल्या तासाला एक वीट, मग दोन, संध्याकाळपर्यंत आठ-दहा. एकदम वजन टाकलं तर आतलं पाणी कडेने फुटून निघतं आणि शीट चिरते. कापडं दर दोन तासांनी बदला. कापडाची वीण शीटवर उठते, गुळगुळीत हवी असेल तर खालच्या बाजूला सनमायका थेट लावा. दोन शीट जोडायच्या तर याच वेळी, दोन्ही ओल्या असताना एकावर एक, मधली हवा हाताने बाहेर काढत. वाळल्यावर गोंद लावून जोडलेल्यापेक्षा हे कितीतरी घट्ट बसतं.

ज्यांना एका दिशेने ताकद हवी आहे, पट्टा किंवा दोर करायचा आहे, त्यांनी दाबून अर्धवट ओली असताना शीट त्या दिशेने हळूहळू १०-१५ टक्के ताणा आणि ताणलेलीच वाळवा. धागे त्या दिशेला वळतात. आडव्या दिशेला ती कमजोर होणार हे धरून चाला.

वाळवताना कडा मोकळ्या सोडल्या की शीट आक्रसते आणि पापडासारखी वेडीवाकडी होते. चारही कडा सनमायकावर पट्ट्या ठेवून, त्यावर वजन ठेवून धरा. सावलीत, पंख्याच्या थेट झोतात नको. माझी पहिली धुतलेली शीट मी एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडयांच्या शेजारी घातली होती, सासूबाई म्हणाल्या होत्या की उन्हात तडकेल, आणि दोन तासांत ती कडेपासून मधोमध तडकली. कुरडया छान झाल्या. जवळजवळ वाळली की सुती कापड ठेवून मध्यम गरम इस्त्री दाबून फिरवा, घासायची नाही, नुसती दाबायची. उष्णता आणि दाब एकत्र मिळाले की धागे अजून जवळ येतात, प्रयोगशाळेत हेच काम हॉट प्रेसने करतात.

एकदा पूर्ण वाळलेली शीट परत भिजवली तरी पहिल्याइतकी फुगत नाही, धागे कायमचे चिकटतात. म्हणून शिवण, घडी, साच्यावर बसवणं, जे काही करायचं ते ओली असतानाच.

लवचिक हवी असेल तर वाळवण्याआधी ग्लिसरीनच्या ३ टक्के पाण्यात रात्रभर ठेवा. ताकद कमी होते, हे मान्य करून करा. ५ टक्क्यांवर गेलात तर पावसाळ्यात शीट घामाघूम होते. मी पाकीट, फोल्डर यांना ग्लिसरीन देते, दिव्याच्या शेडला देत नाही.

पाणी लागू नये म्हणून मधमाशीचं मेण आणि जवसाचं तेल कोमट करून कापडाने घासून लावते, दोन हात. पूर्ण वॉटरप्रूफ होत नाही, पण चहाचा थेंब पुसून काढण्याइतका वेळ मिळतो. जून ते सप्टेंबर शीट गुंडाळून न ठेवता सपाट, मधे बटर पेपर घालून, बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. एका पावसाळ्यात मी चार शीट गुंडाळून कपाटावर ठेवल्या होत्या, गणपतीत काढल्या तेव्हा चारींची एक झाली होती. ती सोलता येईना, म्हणून तशीच दाबून इस्त्री केली. सध्या तिच्यावर भाजी चिरते.